आमच्या तलावातली मासोळी काय खाते?



आमच्या घरी मासेमारी आहे. मागच्या उन्हाळ्यात बाबा टोपलीभर बारीक मासोळी घेऊन बाजारात गेले आणि अर्धी टोपली परत घेऊन आले. गिऱ्हाईक म्हणाले, "का गा, ह्यात खायाचं काय? नुसते काटेच." बाबा गप्प बसले. मी गुरुजींना विचारले, मासे रोड का होतात? ते म्हणाले, "तूच शोध आणि भिंतीवर लिही." म्हणून हा पाठ.

मासोळीची ओळख : आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, बोटाएवढी चंदेरी मासोळी असते. तिच्या शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असतो. शास्त्रात तिला पुंटियस सोफोर म्हणतात. १८२२ साली हॅमिल्टन नावाच्या साहेबाने गंगेच्या माशांवरील ग्रंथात तिचे वर्णन केले.

ती काय खाते : मायने रांधायला आणलेली एक मासोळी मला चिरून दिली. मी भिंगातून पाहिले. जबड्यात दात नाहीत! गुरुजी म्हणाले, ह्या जातीचे दात घशात असतात. आपल्यासारखी जठराची पिशवीही नाही. नुसते आतडे, वेटोळे घातलेले. काडीने सरळ केले तर मासोळीपेक्षा लांब भरले. पालापाचोळा व शेवाळ पचायला वेळ लागतो, म्हणून ते खाणाऱ्यांचे आतडे लांब असते. आत हिरवट-काळा चोथा होता. ही मासोळी शेवाळ, कुजका पाला, पाण्यातले बारीक जीव आणि किडे असे सर्व खाते.

रोड की धष्टपुष्ट, हे कसे ओळखावे : रोड मासोळीचे डोके मोठे दिसते आणि पाठ खपाटीला जाते. पण डोळ्यांनी फसगत होते, म्हणून गणित करतात. वजन (ग्रॅम) गुणिले १००, आणि त्याला लांबीच्या (सेंटीमीटर) घनाने भागायचे. समजा, मासोळी ५ सें.मी. लांब आहे. ५ × ५ × ५ = १२५. तिचे वजन २ ग्रॅम असेल तर २०० ÷ १२५ = १.६. तेवढ्याच लांबीची दुसरी १.५ ग्रॅमची असेल तर उत्तर १.२. म्हणजे दुसरी रोड. एका मासोळीचे वजन नीट कळत नाही, म्हणून सारख्या लांबीच्या दहा एकदम तोलाव्या आणि दहाने भागावे.

एक गंमत सांगतो. मला पावसाळ्यात एक फार जाड मासोळी सापडली. मी खूश झालो. आजी म्हणाली, "जाड नाही रे, पोटुशी हाय ते." पोट अंड्यांनी भरले होते. म्हणून अंड्यांची मासोळी वेगळी मोजावी, नाहीतर गणित चुकते.

रोड का होतात : उन्हाळ्यात पाणी आटते. थोड्या पाण्यात मासे पुष्कळ आणि खाणे थोडे. हे दरवर्षीचेच. पण आणखीही कारणे आहेत. काठावर बेशरम माजली की तिथली जुनी पाणवनस्पती मरते. त्या वनस्पतीवरच शेवाळ व किडे वाढतात आणि मासोळी तिथेच अंडी घालते. तलावात गवत्या मासा सोडला तर तोही वनस्पती फस्त करतो. मग बारक्या मासोळीने खावे काय? आपल्याच भागात काही ठिकाणी ढिवर बंधुभगिनींनी बेशरम उपटून जुन्या वनस्पती पुन्हा लावल्या आहेत.

पालकांना विनंती : बारीक मासोळी काट्यासकट खाल्ली तर मुलांच्या हाडांना कॅल्शियम मिळते. ती टिकली पाहिजे. पहिल्या पावसात ती अंडी घालायला उथळ पाण्यात व बांध्यांकडे चढते, तेव्हा वाटेवर जाळे लावू नये. हे मी घरी बोललो तेव्हा बाबा म्हणाले, "मग आपण त्या दिवसांत खायाचं काय?" ह्याला मला उत्तर सुचले नाही. पण दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "आठ दिवस ओढ्याच्या तोंडाशी जाळं नाही लावत. पण बाकीच्यांनीही लावू नये." म्हणून हे सर्वांसाठी लिहिले.

स्वाध्याय :
१) ४ सें.मी. लांब व १ ग्रॅम वजनाच्या मासोळीचा अंक काढा. (उत्तर : सुमारे १.५६)
२) तुमच्या तलावाच्या काठी कोणत्या वनस्पती आहेत? आजीला विचारून पूर्वीच्या वनस्पतींची नावे लिहून आणा.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी