बंद झालेल्या मोटारींचें मोल

मोटारीचा एखादा नमुना यापुढें बनविला जाणार नाहीं, असें कारखानदार जाहीर करितात, त्या दिवशीं रस्त्यावरील जुन्या गाडीचा एक खिळाही ढिला होत नाहीं. तरी बाजारांत तिची किंमत उतरते. असें कां व्हावें, हें आपण पाहूं.

प्रथम नेहमींची घट घेऊं. समजा, 4,00,000 रुपयांची गाडी दरसाल उरलेल्या किंमतीचा पंचमांश गमावते. पहिल्या वर्षाअखेर 3,20,000, दुसऱ्या 2,56,000 व तिसऱ्या 2,04,800 रुपये उरतात. म्हणजे पहिल्या वर्षीं 80,000 गेले, तर तिसऱ्या वर्षीं 51,200. पुढील दोन वर्षांचें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडावें. नमुना बंद पडला कीं या उतरणीला मध्येंच एक कडा लागतो.

कारण जुनी गाडी घेणारा केवळ लोखंड विकत घेत नाहीं; पुढील दुरुस्तीचा भरंवसाही तो विकत घेत असतो. 2017 सालीं जनरल मोटर्सनें शेव्हरोले गाड्यांची भारतांतील विक्री थांबविली. 2021 च्या सप्टेंबरांत फोर्डनें येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. सुटे भाग मिळत राहतील, असें आश्वासन दोघांनींही दिलें. पण जवळचें विक्रीगृह बंद झाल्यावर दिव्याची कांच वा दाराचा पत्रा कोठून आणावा, ही काळजी गिऱ्हाइकाच्या मनांत राहतेच, आणि तो ती किंमतींतून वजा करितो. आमच्या मतें त्यांत त्याची चूक नाहीं.

मात्र प्रत्येक बंद नमुन्याची गत सारखी नसते. मारुती 800 चें उत्पादन 2014 सालीं थांबलें. परंतु तिच्याच घराण्यांतील ओम्नी 796 घन सेंटिमीटरच्या इंजिनासह पुढें कांहीं वर्षें निघत होती. शिवाय 1983 पासून ही गाडी इतकी पसरली होती कीं तालुक्याच्या गांवचा मिस्त्रीही तिचीं अंगें ओळखून होता. अशा गाडीचें गिऱ्हाईक लवकर तुटत नाहीं.

कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनीची कथा आणखी निराळी. मुंबईंत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्यानें शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनें 2023 च्या ऑक्टोबरांत रस्ता सोडला. टॅक्सी म्हणून तिला कांहींच किंमत उरली नाहीं. परंतु ज्यांनीं घरची पद्मिनी हौसेनें जपली आहे, ते भंगारांत निघालेल्या अशाच गाडीचा आरसा, दाराची मूठ आणि चाकाची टोपी शोधीत फिरतात.