भाव उतरतो, कर्ज उतरत नाहीं



सुरगाणा तालुक्यांत बोरगांवापासून सापुताऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर हिंवाळ्यांत स्ट्रॉबेरी विक्रीस मांडलेली असते. तिकडील एका बंधूनें मला विचारिलें, "यंदा भाव उत्तम आला. सावकाराकडून पैसे घेऊन पुढील वर्षीं दुप्पट लागवड करावी काय?" या प्रश्नाचें उत्तर जुन्या मुंबई इलाख्याच्या इतिहासांत सांपडतें. तें आज पाहूं.

१. भाव कसा चढला. सन १८६१ मध्यें अमेरिकेंत उत्तर व दक्षिण या प्रांतांमध्यें यादवी युद्ध सुरू झालें. दक्षिणेंतील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळें इंग्लंडांतील गिरण्यांस तेथील कापूस मिळेना. मग त्यांची मागणी हिंदुस्थानाकडे वळली, व मुंबईंत कापसाचा भाव कित्येक पट वाढला. त्या पैशांतून नव्या बँका व समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. लोक कर्ज काढून त्यांचे शेअर घेऊं लागले, आणि बँका त्याच शेअरांच्या तारणावर कर्ज देऊं लागल्या. तारणाची किंमत पडली तर बँकही पडेल, याचा विचार फार थोड्यांनीं केला.

२. भाव कसा पडला. एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेच्या मुख्य सैन्यानें शरणागति पत्करिली. ती वार्ता येतांच कापूस उतरला. शेअरांचे वायदे १ जुलै १८६५ रोजीं पुरे करावयाचे होते. परंतु त्या दिवशीं कित्येकांजवळ देण्यास पैसाच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे नामांकित व्यापारीही बुडाले, आणि १८६८ मध्यें ती जुनी बँक मोडीत निघाली.

३. खेड्यांवर काय गुदरलें. तेजीच्या काळांत पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस सावकारांनीं सढळ हातानें कर्ज दिलें होतें. पुढें शेतमालाचे भाव उतरले. सरकारी सारा मात्र वाढला, आणि सावकारांनीं हात आंखडले. कर्जरोख्यावरील आंकडा व्याजानें फुगतच गेला. अखेर मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला, व तो इतर गांवीं पसरला. लोकांनीं कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ मध्यें शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला. पण तोंवर कित्येकांच्या जमिनी गेल्या होत्या. मुंबईच्या बाजारांत ज्यांनीं कधीं पाऊल ठेविलें नव्हतें, त्यांनाही मंदीची झळ लागली.

४. आपण काय शिकावें. यंदाचा भाव हें पुढील वर्षाचें वचन नव्हे. भाव निम्म्यावर आला तरी फेडतां येईल, तेवढेंच कर्ज घ्यावें. सर्व जमीन एकाच पिकाखालीं घालूं नये. घरापुरती नागली व भात राखावा. ठेव ठेवण्यापूर्वीं तिला विमा आहे काय, हें विचारावें. फेब्रुवारी २०२० पासून बँकेंतील ठेवीस दर ठेवीदारामागें पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं. सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हां ठेवीदारांस प्रथम सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती, हें विसरूं नये.

त्या बंधूस मीं इतकेंच सांगितलें, "हातांतील पैशानें जितकीं रोपें येतील, तितकींच लावा. भाव आला तर आनंद. न आला तर जमीन तरी आपलीच राहील."

विचारासाठीं प्रश्न :
१. कापसाचा भाव चढण्याचें व पडण्याचें कारण कोणतें?
२. शेअरांच्या तारणावर कर्ज देणारी बँक कां बुडाली?
३. आपल्या गांवीं कर्ज काढण्यापूर्वीं लोक भाव पडण्याचा हिशेब करितात काय?