मनू, पुस्तकं विकू नकोस

मनू, आई फोनवर म्हणाली की तू ती जाडजूड पुस्तकं विकायला काढलीयस. तिला आधी वाटलं कॉलेजची आहेत. मी सांगितलं, अगं नाही, तिची ती ड्रॅगनवाली. तर म्हणते कशी, "मग बरंच झालं, माळा रिकामा होईल." म्हणजे मुलुंडच्या घरात तुला कोणी अडवणार नाही. तेव्हा ताईलाच मधे पडायला हवं.

जेरेमी क्रॉफर्ड आणि क्रिस पर्किन्स, तुझ्या लाडक्या खेळाचे डिझायनर, डन्जन्स अँड ड्रॅगन्स सोडून गेले, याचं तुला वाईट वाटलं, म्हणून ही विक्री. वाईट वाटण्यात हसण्यासारखं काही नाही. दर शनिवारी घाटकोपरला उतरून, मेट्रोच्या त्या गर्दीत घुसून अंधेरीला जाऊन पाच-पाच तास खेळणारी मुलगी तू. तुमच्या टेबलावर एखाद्या मंत्राच्या अर्थावरून जुंपली की कोणीतरी मोबाइल काढणार आणि क्रॉफर्डने त्यावर काय निकाल दिलाय ते वाचून दाखवणार, की भांडण तिथेच मिटणार. पर्किन्सचं 'कर्स ऑफ स्ट्राड' तर तू मला इतक्यांदा ऐकवलंयस की त्या किल्ल्यातले जिने मलाही पाठ झालेत. ज्यांना कधी भेटलो नाही अशी माणसं इतकी घरची होऊन बसतात, आणि गेली की खटकतंच.

पण ते "पळून गेले" म्हणतेस ना, ते मला पटत नाही. तारखा बघ. नवं प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर 2024मध्ये आलं, डन्जन मास्टर्स गाइड नोव्हेंबरमध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी 2025मध्ये. तिन्ही पुस्तकं हातावेगळी झाली आणि एप्रिलमध्ये ते निघाल्याची बातमी आली. याला मी तरी नीट चार्ज देऊन जाणं म्हणते. आमच्या ऑफिसात लोक अर्धी फाइल टेबलावर टाकून जातात, नोटीस पिरियडमध्ये फोनसुद्धा उचलत नाहीत. पर्किन्स खेळ काढणाऱ्या त्या कंपनीत 1997पासून होता. एवढ्या वर्षांनी माणसाला दुसरं काही करावंसं वाटलं तर ती गद्दारी कशी? आपल्या बाबांनी एलबीएस रोडवरच्या एकाच कारखान्यात पहिला पगार घेतला आणि शेवटचाही तिथेच. आता तिथे टॉवर उभा आहे. त्यामुळे एका जागी टिकून राहणं म्हणजेच निष्ठा, असं आपल्या घरात न बोलता ठरून गेलंय. मी दुसरी नोकरी बदलली तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता, आठवतं? तू क्रॉफर्डकडे अगदी त्याच नजरेने बघतेयस.

जाणं म्हणजे काय, हे बघायचं तर गॅरी गायगॅक्सकडे बघ. डेव्ह आर्नेसनबरोबर त्याने हा खेळ उभा केला. 1974मध्ये पहिली आवृत्ती निघाली ती अवघ्या हजार प्रतींची, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून. पुढे 1985मध्ये त्याच्याच कंपनीच्या संचालक मंडळाने त्याला अध्यक्षपदावरून काढलं आणि वर्षभरात तो पूर्ण बाहेर पडला. आर्नेसन तर त्याच्या कितीतरी आधी, 1976मध्येच गेला होता. पुस्तकावरच्या नावासाठी आणि रॉयल्टीसाठी त्याला कोर्टात जावं लागलं. रडायचंच असेल तर आर्नेसनसाठी रड बाई, त्याच्यासाठी फार कोणी रडलं नाही. आणि खेळ? 1989मध्ये दुसरी आवृत्ती आली, डेव्हिड 'झेब' कुकच्या हातची. काहींनी ती घेतली, काहींनी नाक मुरडून गायगॅक्सचीच जुनी पुस्तकं उघडी ठेवली. त्यांचेही डाव आजवर चाललेत, त्यांना कोणी अडवलेलं नाही.

आणखी एक बोलते, रागावू नकोस. डिसेंबर 2023मध्ये त्या कंपनीच्या मालक हॅस्ब्रोने अकराशे लोक कमी करायचं जाहीर केलं. ऐन नाताळच्या तोंडावर. त्यात माइक मर्ल्सही गेला. तू जी पाचवी आवृत्ती खेळत मोठी झालीस, ती 2014मध्ये आणणाऱ्या दोन प्रमुखांपैकी एक क्रॉफर्ड आणि दुसरा हा मर्ल्स. त्या महिन्यात तू पुस्तकं विकायला काढली नव्हतीस. जे स्वतःच्या पायांनी, पुढचं काम बघून गेले, त्यांच्यासाठी सुतक आणि ज्यांना काढलं त्यांच्यासाठी काही नाही, हा हिशेब मला जरा उलटा वाटतो. चाहत्यांचा हिशेब बहुतेक असाच असतो म्हणा. ज्याचा चेहरा व्हिडिओत दिसतो त्याच्यासाठीच आपण हळहळतो.

आईचंच घे. 'चला हवा येऊ द्या' 2024मध्ये बंद झालं तेव्हा आपलं थुकरटवाडीतलं घरच गेल्यासारखी ती हळहळली. मग जुलै 2025मध्ये ते परत सुरू झालं, पण निलेश साबळेशिवाय, सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर. लिहिणारा, बसवणारा आणि समोर उभं राहून बोलणारा माणूसच नाही, म्हणजे तुमच्या भाषेत डिझायनर आणि डीएम, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा, दोघेही एकदम गेले. पहिल्या भागाला आई टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत बसली होती. दुसऱ्यालाही. पण टीव्ही बंद केला नाही, हे मी पाहिलंय.

आणि आपल्याकडे नाटकात तर रिप्लेसमेंट ही रोजचीच गोष्ट. 'नटसम्राट' 1970मध्ये आलं तेव्हा डॉ. श्रीराम लागूंशिवाय बेलवलकर कोणी कल्पनेतही आणला नसता. पुढे दत्ता भट उभे राहिले आणि त्यांचा बेलवलकर पाहिलेले लोक आजही लागूवाल्यांशी वाद घालतात. कालिदास नाट्यगृहात मध्यंतराला वडापाव खाताना असा एक वाद मी स्वतः ऐकलाय.

राग करूच नकोस, असं नाही हं. जानेवारी 2023 आठवतो का? कंपनीने जुना खुला परवाना मोडून नवा आणायचं ठरवलं होतं. नव्याचा मसुदा फुटला. या नियमांवर आपली पुस्तकं काढणाऱ्यांपैकी मोठी कमाई असलेल्यांच्या उत्पन्नात वाटा मागायचा, असा डाव होता. लोकांनी कंपनीच्या ऑनलाइन वर्गण्या पटापट रद्द केल्या, आणि महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकून मोकळी झाली. तो राग कामाचा होता, कारण तिथे तुमच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं जात होतं. क्रॉफर्ड गेल्याने तुझ्या हँडबुकातलं एक पानही कमी झालेलं नाही. नवीन जो कोणी आला असेल त्याला पहिल्या दिवसापासून शिव्या घालायच्या, हे तर अजिबात करू नकोस. बिचारा अजून खुर्चीत नीट बसलाही नसेल.

खरं सांगू, मला काळजी वेगळीच आहे. तुमचा तो बोरिवलीचा डीएम. त्याला रात्रपाळी लागलीय, तूच म्हणालीस. दोन शनिवार सेशन झालं नाही. तो थकला तर तुमचं कॅम्पेन बंद पडेल, आणि तेव्हा कंपनीत कोण खुर्चीवर आहे याने काही फरक पडणार नाही. त्याला विचार, पुढची दोन-तीन सेशन्स मी चालवू का म्हणून. तुला येईल. लहानपणी भातुकलीत तू आम्हा सगळ्यांना भूमिका वाटून द्यायचीस आणि आम्ही चुकलो की ओरडायचीस. ओरडणं तेवढं कमी कर.

आणि क्रॉफर्ड-पर्किन्स 2025च्या जूनमध्ये डॅरिंग्टन प्रेसला गेले, क्रिटिकल रोलवाल्यांकडे, म्हणून आता फक्त त्यांचा खेळ डॅगरहार्टच खेळणार, अशी शपथही घेऊ नकोस. खेळून बघ मात्र जरूर. त्यात खेळाडू वीस बाजूंचा फासा बाजूला ठेवून बारा बाजूंचे दोन टाकतात, एक आशेचा, एक भीतीचा. तुझ्या सात फाशांच्या सेटमध्ये बारावाला एकच असतो. दुसरा कोणाकडून तरी माग, आणि तो वेगळ्या रंगाचा बघून घे, नाहीतर कुठला कशाचा यावरून तुमचं नवं भांडण सुरू होईल.