श्रेढी : आधी पावले मोजा

मुलांनो, एसीटी परीक्षेच्या गणितात सूत्रांचा तक्ता मिळत नाही. एसएटीत मिळतो, पण त्यात सगळी भूमिती. श्रेढीचे एकही सूत्र नाही. म्हणून पाठांतर सुरू होते, आणि ऐन परीक्षेत घोटाळा होतो तो फक्त ‘एक’चा. २० घ्यायचे की १९?

हे उदाहरण पाहा. अंकगणिती श्रेढीचे ३ रे पद ११ आणि ८ वे पद ३६ आहे, तर २० वे पद कोणते?

आम्ही वर्गात जिना डोळ्यांसमोर आणायला सांगतो. तिसऱ्या पायरीवरून आठवीवर जायला किती वेळा पाय उचलाल? पाच वेळा. वाढ झाली २५, म्हणजे एका पावलाला ५. आठवीपासून विसावीपर्यंत आणखी १२ पावले, म्हणजे ६०. उत्तर ९६. पहिले पद लागलेच नाही! ते काढून (१ येते) त्यात २० पावले मिळवणाऱ्याला १०१ मिळतील, आणि पर्यायांत १०१ बहुधा तुमची वाट पाहत बसलेले असेल. पहिलीपासून विसावीपर्यंत पावले १९च.

उलट, ७, १०, १३... १०० यात पदे किती? पावले ९३ भागिले ३, म्हणजे ३१. पण विचारली आहेत पदे, म्हणून ३२.

आता वरच्याच श्रेढीच्या पहिल्या २० पदांची बेरीज. पहिले १, शेवटचे ९६, सरासरी ४८.५, गुणिले २०, झाले ९७०. पालकांनो, आपण शाळेत घोकलेले लांबलचक सूत्र हेच आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) श्रेढीव्यवहार नावाचे प्रकरणच आहे. तिथे या सरासरीला मध्यधन, पदांच्या संख्येला गच्छ आणि बेरजेला सर्वधन म्हटले आहे. मध्यधन गुणिले गच्छ म्हणजे सर्वधन. आम्हाला तरी हे जास्त सोपे वाटते.

भूमिती श्रेढीत प्रत्येक पावलाला मिळवण्याऐवजी गुणायचे. ३ रे पद १२, ६ वे पद ९६ : तीन पावलांत आठपट. इथे आठाला तिनाने भागू नका. कोणती संख्या तीनदा घेऊन गुणली की ८ होतात? २.

घरचा अभ्यास : ४ थे पद ५०, १० वे पद ३२. या अंकगणिती श्रेढीतले पहिले ऋण पद कितवे? पुढच्या वर्गात फळ्यापाशी येऊन मराठीतून समजावून सांगायचे आहे. आई-बाबांनी आधी उत्तर सांगू नये.