‘ज्या दिवशी’ की ‘जो दिवस’?



इंग्रजीच्या वह्या तपासताना असे वाक्य मला पुष्कळदा दिसते : ‘मंडे इज द डे विच वी गो टू द मार्केट.’ स्पेलिंगे बरोबर, अक्षर सुंदर, पण वाक्य चूक! का बरं? इथे ‘विच’ नको, ‘व्हेन’ हवे.

नामाची अधिक माहिती सांगणाऱ्या गौण वाक्याला विशेषणवाक्य म्हणतात. डे, मंथ, इयर, टाइम अशा नामांपुढे ते आले की मुलं गोंधळतात. नुसते नाम पाहून ठरवाल तर फसाल. वाक्य आधी मराठीत म्हणून बघा.

‘ज्या दिवशी’, ‘ज्या वर्षी’, ‘ज्या महिन्यात’ असे तोंडात आले, तर व्हेन.
‘जो दिवस’, ‘जे वर्ष’ असे आले, तर विच.

आता एकाच वर्षाची दोन वाक्ये पाहा.

१) ज्या वर्षी पावसाने दगा दिला ते वर्ष १९७२.
नाइन्टीन सेव्हन्टी-टू वॉज द इयर व्हेन द रेन्स फेल्ड.

२) जे वर्ष जुनी माणसे विसरत नाहीत ते १९७२.
नाइन्टीन सेव्हन्टी-टू वॉज द इयर विच ओल्ड पीपल डू नॉट फर्गेट.

पहिल्यात पावसाने दगा ‘कधी’ दिला ते कळते. दुसऱ्यात माणसे ‘काय’ विसरत नाहीत ते कळते. तिथे वर्ष हे कर्म आहे.

यातली गंमत प्रत्ययात आहे. ‘वर्षी’ मधला ‘ई’ आणि ‘महिन्यात’ मधला ‘त’ हे सप्तमीचे प्रत्यय. इंग्रजीत हेच काम ऑन, इन, ॲट हे शब्द करतात. व्हेनच्या पोटात ते आधीच असतात, विचच्या पोटात नसतात. म्हणून विच वापरायचेच असेल तर ते बाहेरून जोडावे लागतात : दिवसाला ऑन विच, महिन्याला व वर्षाला इन विच, घड्याळाच्या वेळेला ॲट विच. ‘ऑन व्हेन’ मात्र कधीही लिहू नका. एका भाकरीला दोन तवे कशाला?

‘दॅट’ दोन्हीकडे चालतो. पण फरक पक्का होईपर्यंत त्याला हात लावू नका.

घरातल्या मोठ्या गोष्टी आपण दिवस-वर्षांनीच सांगतो : ताईचे लग्न झाले तो दिवस, विहिरीला पाणी लागले ते वर्ष. उद्या परगावच्या पाहुण्याला हे इंग्रजीत सांगाल, तेव्हा ‘कधी’ आणि ‘काय’ यांची गल्लत व्हायला नको.

स्वाध्याय : गाळलेली जागा भरा.
१) जून इज द मंथ ...... द सोइंग बिगिन्स.
२) संडे इज द डे ...... ऑल चिल्ड्रन लाइक.
३) फर्स्ट मे नाइन्टीन सिक्स्टी इज द डे ...... महाराष्ट्र वॉज फॉर्म्ड.

उत्तरे : १) व्हेन किंवा इन विच २) विच ३) व्हेन किंवा ऑन विच.

तिन्ही बरोबर आली? मग स्वतःच्या घरची दोन वाक्ये लिहा आणि मधल्या सुट्टीत मला आणून दाखवा.