वाटी कोण हलवितो?



गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी प्लँचेट झाले. शिक्षकाच्या आणि तेही बौद्धाच्या घरी झाले, हे लिहिताना संकोच वाटतो. पण लपवून कोणाचे भले होणार? गगनबावड्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. माझे थोरले बंधू ज्येष्ठात अपघाताने वारले. त्या सकाळी वहिनींशी त्यांचे भांडण झाले होते आणि संध्याकाळी प्रेत घरी आले. वहिनींच्या मनात तेच सलत होते. शेजारच्या एका बाईंनी पाटावर खडूने सारी अक्षरे काढली, एका बाजूस 'हो', दुसऱ्या बाजूस 'नाही' लिहिले, मध्ये वाटी पालथी घातली आणि तिघींनी तिच्यावर एकेक बोट ठेवले. वाटी सरकू लागली. तिने 'राग नाही' अशी अक्षरे दाखविली. वहिनी ओक्साबोक्शी रडल्या.

दुसऱ्या रात्री ठेवीची पावती कोठे आहे, असे विचारले. वाटी 'पेटी' म्हणाली. पेटी तीनदा उपसली, पावती नव्हती. पुढे ती बंधूंच्या एका सोबत्याकडे निघाली. राग नसावा, ही तिघींचीही इच्छा होती, ते वाटीने बरोबर सांगितले. पावतीचा ठावठिकाणा तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हता, तो वाटीलाही माहीत नव्हता!

तिसऱ्या रात्री मी तिघींना डोळ्यांवर पदर बांधायला लावला आणि पाट गुपचूप उलट फिरवून ठेवला. बंधूंचे नाव विचारले. वाटी जोरात धावली, पण नाव काही जुळेना. ती अक्षरे आधी जेथे होती, तेथे ती जाऊन थांबत होती. बोलणारा मृत असता, तर त्याला बायकांच्या डोळ्यांची गरज का पडावी?

यात बायकांची लबाडी नव्हती. हात आपल्या नकळत हलतो. 1853 साली इंग्लंडात टेबले फिरविण्याचे वेड पसरले, तेव्हा फॅरडे या शास्त्रज्ञाने हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थाने चिकटविलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. वरचा पुठ्ठा आधी सरकलेला दिसला, म्हणजे ढकलणारा हातच होता. हाताची हालचाल दाखविणारा काटा लोकांसमोर ठेवताच टेबल फिरायचे थांबले. आमच्या शाळेतली मुले पेन्सिलीवर पेन्सिल आडवी ठेवून 'चार्ली'ला बोलावतात. मी त्यांना नाकाला रुमाल बांधायला लावला. चार्ली आला नाही.

शिकलेली माणसेही यातून सुटलेली नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्या तपासात पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतला, असा आरोप 2014 साली एका इंग्रजी साप्ताहिकाने केला. संबंधित अधिकाऱ्याने तो नाकारला. दाभोलकर ज्या कायद्यासाठी झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालीच झाला. भुताला आवाहन करून लोकांत घबराट पसरविणे हा त्यात गुन्हा आहे.

भगवान बुद्धांच्या काळी पाट-वाटी नव्हती, पण आरशात पाहून प्रश्न विचारणे, कुमारिकेच्या अंगात आणून तिच्याकडून उत्तरे घेणे, हे चाले. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात या गोष्टी हीन विद्यांत मोजल्या आहेत आणि तथागत त्यांपासून दूर राहतात, असे म्हटले आहे. पूज्य बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आत्म्यावरील विश्वास धम्मात बसत नाही, असे स्पष्ट केले आहे. मग बोलवायचे कोणाला? बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण श्राद्ध सोडले, पिंडदान सोडले, आणि तोच पितर वाटीखालून घरात घेतला की काय?

हे सारे मी वहिनींना समजावून सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग भावजी, ह्ये माझ्यावर रागावलं न्हाईत म्हणून कोन बोललं?"

या प्रश्नाला फॅरडे पुरत नाही. मी म्हणालो, "वहिनी, तुम्हीच बोललात. दादाबरोबर पंधरा वर्षं संसार केलात. त्याचा राग किती वेळ टिकायचा, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?"

"जेवायच्या येळंपतूर," त्या म्हणाल्या, आणि किंचित हसल्या.

नंतर त्यांनी पाटावरचा खडू धुतला आणि पाट चुलीपाशी वाळत ठेवला.