उड्डाणानंतर टाकून द्यावयाचा पंख

विमान जमिनीवरून उचलण्यास मोठे पंख उपकारक असतात. वेग घेताना मात्र तेच हवेचा अडथळा वाढवितात. दुसऱ्या महायुद्धात आखूड धावपट्टीवरून जड भार नेण्याचा प्रश्न ब्रिटनपुढे होता. मँचेस्टरच्या हिल्स अँड सन्स कंपनीने त्यावर धाडसी उपाय योजला. एकावर एक असे दोन पंख घेऊन उडावयाचे आणि आकाशात वरचा पंख सोडून द्यावयाचा! १६ जुलै १९४१ रोजी ‘बाय-मोनो’ या छोट्या प्रायोगिक विमानाने आयरिश समुद्रावर हे साध्य केले. १९४३ मध्ये हरिकेन या लढाऊ विमानावर असाच पंख बसवून चाचण्या झाल्या. पण प्रत्येक उड्डाणास एक पंख खर्ची घालणे हा महागडाच व्यवहार. शिवाय तोवर हरिकेनहून सरस विमाने आली होती. ही योजना प्रत्यक्ष सेवेत कधीच उतरली नाही.